१२ व्होल्टच्या जागी ८.०४: एसएमपीएस बदलायची घाई नको

तुम्ही म्हणता, मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये कॉम्प्युटरची १२ व्होल्टची लाइन ८.०४ दिसतेय, आणि सातपूरला (नाशिक) लाइट वरखाली होते, त्यामुळे एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) गेला. हा हिशेब जुळत नाही. लाइन खरंच ८ वर आली असती तर मशीन चालूच राहिलं नसतं.

आधी मीटर लावा. डीसी २० व्होल्टची रेंज. एसएमपीएसमधून येणाऱ्या मोलेक्सच्या (चार वायरींच्या) रिकाम्या कनेक्टरमध्ये काळी प्रोब काळ्या वायरच्या खाचेत, लाल पिवळ्याच्या. मशीन लोडवर, म्हणजे चालू आणि कामात हवं. प्रोबची टोकं एकमेकांना टेकू देऊ नका, ठिणगी पडेल. ११.४० ते १२.६० आलं तर व्होल्टेज ठीक (रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली बारीक थरथर, मात्र साध्या मीटरवर कळत नाही).

खरी गोम मदरबोर्डवर. व्होल्टेज मोजणारी तिथली सुपर आय-ओ चिप १२ व्होल्ट थेट मोजू शकत नाही, म्हणून दोन रेझिस्टर लावून ते कमी करतात. ३० के आणि १० के असतील तर चिपला ३ व्होल्ट मिळतात आणि सॉफ्टवेअरने ४ ने गुणायचं असतं. ही जोडी बोर्डागणिक बदलते. सॉफ्टवेअर अंदाजाने गुणतं आणि फसतं. बायोसला (बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रामला) ती जोडी ठाऊक असते, म्हणून तिथला आकडा पटतो.

मीटरवर १२.०६ आलं तर त्याला ८.०४ ने भागा, म्हणजे १.५. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये त्या इनपुटच्या 'कम्प्यूट' ओळीतला गुणक १.५ पट करा. त्याच ओळीतल्या उलट गणितात त्या नव्या गुणकानेच भागा. विंडोजवर दोन मॉनिटरिंग सॉफ्टवेअर एकदम चालवू नका, दोघं एकाच चिपवर भांडतात आणि आकडे उड्या मारतात.

सॉफ्टवेअरमधला उणे १२ व्होल्टच्या लाइनचा आकडा सोडून द्या. ती मोजणारी चिपची पिन बऱ्याच बोर्डांवर जोडलेलीच नसते.