मदत हवी आहे: चौथीत, पण वाचन दुसरीचं

नमस्कार. आमची शाळा द्विशिक्षकी, तिसरी-चौथी माझ्याकडे एकत्र. चौथीतली काही मुलं जोडाक्षराला अडतात, 'रस्ता'चं 'रसता' होतं. हातच्याची वजाबाकी काड्यांचे गठ्ठे सुटे करून जमते, वहीवर गडबड. परिपाठानंतरचा अर्धा तास त्यांच्यासाठी काढलाय, पण तेवढा वेळ तिसरीला कशात गुंतवू? (शुद्धलेखन दिलं की पाच मिनिटांत तक्रारी सुरू!)

दुसरं जास्त अवघड. एकाला तोंडी सगळं येतं, लिहिताना मात्र अक्षरं उलटसुलट. डोळे तपासून झाले, नंबर नाही. अध्ययन अक्षमतेची (बुद्धी ठीक, पण वाचणं-लिहिणं अवघड जाणं) शंका येते. ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, पण तपासणीचं नाव काढलं की "माझं पोरगं वेडं आहे का, गुरुजी?" असं वडील विचारणार. तुम्ही पालकांशी हा विषय कसा काढलात?