मदत हवी आहे: वायरलेस ड्राइव्ह प्रवासात मीडिया सर्व्हर म्हणून वापरायचा आहे, पण बरंच काही अडतंय

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आम्ही सहा जण लांबच्या प्रवासाला निघतोय. जाताना दीड दिवस रेल्वे, मग डोंगरात मुक्काम, येताना विमान. राहायच्या जागी मोबाइलला रेंज नाही आणि वायफायही नावापुरतंच आहे, असं जाऊन आलेल्यांकडून कळलं. बरोबर आई-बाबा आणि दोन मुलं आहेत. मुलांना सिनेमे हवेत, आईला गाणी. पण माझी खरी धडपड बाबांसाठी आहे. नजर अधू झाल्यापासून त्यांचं वाचन सुटलं. घरी ते दिवसभर ध्वनिपुस्तकं आणि जुन्या श्रुतिका ऐकतात. ती सगळी मी नीट नावं देऊन जमवून ठेवली आहेत. प्रवासात त्यांच्यावर नुसतं खिडकीबाहेर बघत बसायची वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं, कारण खिडकीबाहेरचंही त्यांना आता धड दिसत नाही.

आमच्याकडे दोन अँड्रॉइड फोन, बाबांचा जुना अँड्रॉइड टॅब आणि मुलांचा आयपॅड आहे. टॅब आणि आयपॅड दोन्हींची जागा भरत आलीय. हे ऐकून आतेभावाने त्याच्याकडचा १ टीबीचा वायरलेस ड्राइव्ह दिला. आत हार्ड डिस्क आणि बॅटरी. बटण दाबलं की स्वतःचं वायफाय सुरू होतं. एकदा फाइली भरल्या की ज्याने त्याने आपापल्या स्क्रीनवर हवं ते बघावं, ही कल्पना मला फार आवडली.

घरी लावून बघितलं तर अडचणी सुरू झाल्या. कंपनीचं अ‍ॅप आता स्टोअरमध्ये मिळतच नाही. ब्राउझरमधून फाइलींची यादी दिसते आणि गाणी वाजतात, पण काही सिनेमांत चित्र दिसतं नि आवाज येत नाही. एक सिनेमा आयपॅडवर सुरळीत चालतो, तोच बाबांच्या टॅबवर दर दोन मिनिटांनी अडकतो. माझा फोन थोड्या वेळाने ड्राइव्हचं वायफाय आपणहून सोडून देतो. विंडोज ११च्या लॅपटॉपला हा ड्राइव्ह वायफायवर दिसतच नाही. मराठी सबटायटल्सच्या जागी चौकोन येतात. आणि बॅटरी खोक्यावर छापलेल्या तासांच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही.

यातलं काय सुधारता येईल? की हा नाद सोडून खिशात मावणारा राउटर आणि एसएसडी घ्यावी? ओटीटी अ‍ॅपमध्ये डाउनलोड केलेले सिनेमे ड्राइव्हवर टाकता येतात का? ज्यांनी हे प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ओटीटीचं आधी सांगून टाकतो: नाही. ते डाउनलोड त्या अ‍ॅपपुरतं आणि त्या उपकरणापुरतं कुलूपबंद असतं. फाइल उचलून दुसरीकडे नेली तरी चालत नाही, शिवाय त्याला मुदतही असते. ते आयपॅडमध्येच राहू द्या आणि निघायच्या आदल्या दिवशी नेट असताना एकदा उघडून बघा.

आता ड्राइव्हकडे वळू. एक गोष्ट पक्की लक्षात घ्या म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. असा ड्राइव्ह फाइल जशी आहे तशी पुढे पाठवतो. घरच्या संगणकावरचा मीडिया सर्व्हर समोरच्या स्क्रीनला झेपेल अशा रूपात सिनेमा चालता चालता बदलून देतो, त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. या छोट्या डबीतल्या प्रोसेसरकडून ती अपेक्षा ठेवू नका. म्हणजे फाइल चारही उपकरणांवर चालेल अशी घरूनच करून न्यायची.

आवाज न येणाऱ्या फाइलींमध्ये बहुधा एसी३ किंवा डीटीएस या प्रकारचा ऑडिओ असणार. ब्राउझर तो सहसा वाजवत नाही. लॅपटॉपवर व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये फाइल लावून कोडेकची (चित्र-आवाज कोणत्या पद्धतीने साठवलाय त्याची) माहिती उघडा, तिथे लगेच दिसेल. ऑडिओ एएसी या सगळीकडे चालणाऱ्या प्रकारात बदलला की काम झालं. हँडब्रेक हे व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर वापरलंत तर ते चित्रही नव्याने एनकोड करतं आणि त्याला वेळ लागतो. एफएफएमपेग हे कमांड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर जमत असेल तर चित्र तसंच ठेवून फक्त आवाज बदलता येतो, तो सिनेमा काही मिनिटांत तयार होतो.

अडकणाऱ्या सिनेमासाठी एक चाचणी करा. तीच फाइल केबलने टॅबमध्ये कॉपी करा आणि वायफाय बंद करून लावा. तरीही अडकली तर दोष वायफायचा नाही, टॅबचा आहे. फाइल एचईव्हीसी या नव्या, जास्त दाबलेल्या प्रकारातली, त्यातही १० बिट असेल तर जुन्या टॅबच्या चिपला ती हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि चित्र थांबत थांबत जातं. तीच फाइल एच.२६४ या जुन्या, सगळीकडे चालणाऱ्या प्रकारात, १०८०पी किंवा ७२०पी, सेकंदाला ४ मेगाबिटच्या आसपास अशी करून घ्या. दोन तासांचा सिनेमा साधारण ३.६ जीबीत बसतो आणि टॅबच्या स्क्रीनवर फरक कळतही नाही. त्या हिशोबाने चौघांनी एकाच वेळी चार सिनेमे लावले तरी १६ मेगाबिट होतात, एवढं २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायलाही सहसा जड जात नाही. ब्ल्यू-रेवरून जशीच्या तशी उतरवलेली ४के फाइल एकटीच ५० मेगाबिटच्या पुढे जाऊ शकते. ती मात्र नेऊ नका.

अ‍ॅप नाही म्हणून अडून राहू नका. ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये डीएलएनए (त्याच वायफायवरच्या इतर उपकरणांना सिनेमे-गाणी दाखवायची सोय) चालू आहे का बघा. असेल तर चारही ठिकाणी व्हीएलसी टाका, स्थानिक नेटवर्कच्या यादीत ड्राइव्ह दिसायला हवा. आयपॅडवर व्हीएलसी पहिल्यांदा उघडताना लोकल नेटवर्कची परवानगी मागेल, ती द्याच. आयओएस १४पासून ती नाकारली की अ‍ॅपला शेजारचा ड्राइव्ह दिसतच नाही आणि लोक ड्राइव्हला दोष देत बसतात.

प्रतिसाद

लॅपटॉपला ड्राइव्ह दिसत नाही त्याचं कारण बहुतेक एसएमबी१ असावं. जुने वायरलेस ड्राइव्ह फाइल शेअरिंगसाठी तोच प्रोटोकॉल बोलतात आणि विंडोजने २०१७च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून तो मूळ स्थितीत बंद ठेवलाय. तो पुन्हा चालू करायचे उपाय नेटवर सापडतील, पण करू नका. ते भगदाड सुरक्षेसाठीच बुजवलंय. फाइली भरायला सरळ यूएसबी केबल लावा, वायफायपेक्षा कितीतरी लवकर काम होतं. केबल लॅपटॉपला लावली की ड्राइव्हचं वायफाय बंद पडेल, त्याने घाबरू नका. अशा बहुतेक ड्राइव्हचं वागणं तसंच असतं.

अजून एक कळकळीने सांगते. ड्राइव्हच्या वायफायला पासवर्ड लावा, कित्येक ड्राइव्ह खोक्यातून निघतात तेव्हा उघडेच असतात. रेल्वेच्या डब्यात तुमची यादी आजूबाजूच्या सगळ्यांना दिसेल. आणि मुक्कामाच्या वायफायला हा ड्राइव्ह जोडू नका. ती सोय बहुधा त्यात असेल, पण ज्याचं अ‍ॅपसुद्धा कंपनीने काढून घेतलंय त्याला सुरक्षेचे अपडेट कुठून येणार? २०२१च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या नेटला जोडलेल्या ड्राइव्हमधला डेटा जगभर अनेकांच्या घरी बाहेरून पुसला गेला होता. त्या मॉडेलला २०१५पासून अपडेट मिळत नव्हते. तुमचा ड्राइव्ह नेटपासून लांब राहिला तर ती भीतीच नाही.

प्रतिसाद

फोन वायफाय सोडतो कारण त्याला त्या वायफायवर इंटरनेट सापडत नाही. जोडल्यावर थोड्या वेळात ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का’ अशा अर्थाची सूचना वर येते. आपण ती बोटाने सरकवून टाकतो, आणि फोन मुकाट्याने मोबाइल डेटावर जातो. पुढच्या वेळी ती उघडून ‘हो’ म्हणा, ‘पुन्हा विचारू नका’वर खूण करा. वायफाय सेटिंग्जमध्ये आपोआप मोबाइल डेटावर जायचा पर्याय असेल तर तोही बंद करा. तेवढा वेळ मोबाइल डेटाच बंद ठेवला तर प्रश्नच उरत नाही.

सबटायटल्सचं: चौकोन म्हणजे प्लेअर वापरतोय त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. अगम्य चिन्हं दिसली असती तर अक्षरांच्या एन्कोडिंगचा घोटाळा, तेव्हा फाइल नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८मध्ये सेव्ह करायची. तुमच्या बाबतीत आधी व्हीएलसीत लावून बघा. तिथेही चौकोनच आले तर हँडब्रेकमध्ये सबटायटल्स चित्रातच छापून घ्या. नाहीतरी त्या फाइली पुन्हा एनकोड करायच्याच आहेत.

प्रतिसाद

मी अशा ड्राइव्हवरून छोट्या राउटरवर आलो. जीएल-आयनेटचे प्रवासी राउटर ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या खुल्या सॉफ्टवेअरवर चालतात, यूएसबीला एसएसडी लावायची आणि डीएलएनए किंवा सांबा (फाइल शेअरिंगची सोय) चालू करायचं. दोन फायदे. एसएसडीत फिरणारी तबकडी नाही, त्यामुळे गाडीच्या हादऱ्यांची काळजी नाही. आणि पुढे राउटर जुना झाला तर फक्त तोच बदलायचा, साठवण तीच राहते. तुमच्या ड्राइव्हमध्ये बॅटरी, डिस्क, सॉफ्टवेअर सगळं एकत्र शिवलेलं आहे, एक संपलं की बाकीचंही जातं.

तोटाही सांगतो. यातल्या बहुतेक राउटरना स्वतःची बॅटरी नसते, पॉवर बँक कायम लागते. दोन केबली, तीन वस्तू. मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असताना बर्थवर हा पसारा सांभाळणं त्रासाचं होतं. या एका प्रवासासाठी असेल तर आहे तोच ड्राइव्ह नीट करून घ्या असं माझं मत.

बॅटरीबद्दल: बाबांच्या फाइली आणि सिनेमांखेरीज त्यावर आतेभावाचे जुने फोटो आहेत का? डीएलएनए सर्व्हर चालू झाला की सगळ्या फाइलींची सूची करत बसतो. हजारो फोटो असतील तर डिस्क सतत फिरत राहते. ते हलवून बघा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बसून एकेक करून बघितलं.

टॅबमध्ये कॉपी करूनही सिनेमा अडकलाच, म्हणजे टॅबचाच प्रश्न. एच.२६४ करून घेतल्यावर ड्राइव्हवरून सलग चालला. आयपॅडला परवानगी दिल्याबरोबर ड्राइव्ह यादीत आला. फोनची ती सूचना अगदी तशीच होती. व्हीएलसीत मराठी सबटायटल्स स्पष्ट दिसतात. आणि हो, ड्राइव्हवर फोटोंचा मोठा साठा होता. आतेभावाला विचारून तो त्याच्या दुसऱ्या डिस्कवर हलवला. बॅटरी आता एक सिनेमा संपून दुसरा अर्ध्यावर येईपर्यंत टिकते. जुनी आहे, एवढं पुष्कळ झालं.

राहिलं ते बाबांचं. ध्वनिपुस्तक ड्राइव्हवरून लावलं की काल कुठे थांबलो होतो ते टॅबला आठवत नाही. चार तासांच्या फाइलीत ती जागा शोधणं त्यांना जमत नाही, मग ते पुन्हा पहिल्यापासून ऐकतात आणि मला सांगतही नाहीत. यावर काही उपाय?

प्रतिसाद

बाबांच्या फाइली ड्राइव्हवर ठेवूच नका. बोललेला आवाज ६४ किलोबिटला व्यवस्थित ऐकू येतो आणि त्याला तासाला साधारण २९ एमबी लागतात. १०० तासांची पुस्तकं ३ जीबीच्या आत बसतात, म्हणजे एका सिनेमापेक्षाही कमी जागा. टॅबमधून एखाद-दुसरा व्हिडिओ काढलात तरी तेवढी जागा निघेल. टॅबवर ध्वनिपुस्तकांसाठीच केलेलं प्लेअर अ‍ॅप टाका. ते प्रत्येक पुस्तकाची जागा वेगवेगळी लक्षात ठेवतं, तीस सेकंद मागे जायचं मोठं बटण देतं आणि झोपायच्या वेळेचा टायमरही असतो. बाबांना वायफाय, ड्राइव्ह, बॅटरी कशाचीच वाट बघावी लागणार नाही. ड्राइव्ह बाकीच्यांसाठी.

विमानाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून: ड्राइव्ह आणि पॉवर बँक दोन्ही हातातल्या सामानात ठेवा. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालतच नाही. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. १०,००० एमएएचची बँक ३.७ व्होल्टने ३७ वॉट-तास होते, तेव्हा अडचण नाही. मात्र २०२५पासून काही विमान कंपन्यांनी उड्डाणात पॉवर बँक वापरायला बंदी केलीय, आणि स्वतःचं वायफाय सोडणारं उपकरण चालू ठेवायचं की नाही हे कर्मचारी सांगतील तसं. मुलांसाठी दोन सिनेमे आयपॅडमध्येच असू द्या.

धागाकर्ती

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टॅबमधून दोन जुने व्हिडिओ काढले आणि पुस्तकं टाकली. बाबांनी जेवणानंतर थांबवलं होतं तिथूनच संध्याकाळी सुरू झालं, तेव्हा त्यांनी मला मुद्दाम हाक मारून ऐकवलं. आता श्रुतिकांचे सुटे भाग जोडून एकेक एम४बी (प्रकरणांच्या खुणा ठेवता येणारी ध्वनिपुस्तकाची) फाइल करायचा विचार आहे, म्हणजे प्रकरणागणिक पुढे-मागे जाता येईल. त्यात प्रकरणांची नावं देवनागरीत दिली तर अँड्रॉइडवर नीट दिसतात का? आणि टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडची स्क्रीन वाचून दाखवायची सोय, ती मराठीत वाचून दाखवतं का? कुणी केलं असेल तर अ‍ॅपच्या नावासकट कृपया लिहा.