मायकल ओव्हिट्झ डिस्नेमध्ये का टिकू शकले नाहीत?

स्नेहलतागंज_विद्यार्थी (इंदूर)

नमस्कार. मी देवी अहिल्या विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्र शिकतो आणि प्रकल्पासाठी मायकल ओव्हिट्झ यांची कारकीर्द निवडली आहे. १९७५ मध्ये कलावंतांना कामे मिळवून देणाऱ्या विल्यम मॉरिस या जुन्या एजन्सीतून बाहेर पडलेल्या पाच जणांनी क्रिएटिव्ह आर्टिस्ट्स एजन्सी, म्हणजे सीएए, स्थापन केली आणि ओव्हिट्झ त्यांतले एक होते. हॉलिवूडमधली सर्वांत प्रभावी व्यक्ती अशी त्यांची ख्याती झाली. सोनीने १९८९ मध्ये कोलंबिया पिक्चर्स आणि मात्सुशिताने पुढच्या वर्षी युनिव्हर्सल स्टुडिओची मालक कंपनी एमसीए विकत घेतली, त्या दोन्ही व्यवहारांत ते मध्यस्थ होते. असा माणूस १९९५ मध्ये डिस्नेचा अध्यक्ष होतो आणि १४ महिन्यांत बाहेर पडतो. हे अपयश त्यांच्या स्वभावाचे मानावे, की एजंटचे कौशल्य कंपनी चालवताना मुळातच अपुरे पडते? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

रामबागकर

पुण्या-मुंबईची नाटके इंदुरात आणण्याच्या खटपटीत मी बरीच वर्षे घालवली आहेत, म्हणून या विषयाबद्दल मनापासून आस्था आहे. ज्याच्या हाती नटांच्या तारखा असतात, त्याच्यापुढे आयोजकाचे फारसे काही चालत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. सीएएने हेच तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर अमलात आणले. लेखक, दिग्दर्शक आणि मुख्य नट आपल्याच यादीतून निवडायचे आणि तो संपूर्ण संच स्टुडिओपुढे ठेवायचा, याला तिकडे पॅकेजिंग म्हणतात. १९८८ च्या ‘रेन मॅन’मध्ये डस्टिन हॉफमन, टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक बॅरी लेव्हिन्सन हे तिघेही सीएएचेच होते. स्टुडिओने एकाला नकार दिला, तर बाकीचेही हातचे जाण्याची भीती असे, आणि ओव्हिट्झ यांचे वजन त्या भीतीत होते. एजन्सी सोडली त्या दिवशी कलावंत एजन्सीकडेच राहिले. डिस्नेत ते पोहोचले तेव्हा त्यांच्या हाती कोणाच्याही तारखा नव्हत्या. माझ्या मते खरे कारण हेच आहे.

वकील_इंदूर

रामबागकरांचा मुद्दा वजनदार आहे, परंतु पदाची रचना पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. डिस्नेचे अध्यक्ष फ्रँक वेल्स एप्रिल १९९४ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेले, जुलैमध्ये कंपनीचे सर्वोच्च प्रमुख मायकल आयझनर यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी चित्रपट विभागाचे प्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्गही कंपनी सोडून गेले. या पोकळीत आयझनर यांनी आपल्या जुन्या मित्राला बोलावले. मात्र वित्तप्रमुख स्टीफन बोलेनबाख आणि कायदेविषयक प्रमुख सँडी लिटवॅक यांनी, आपण ओव्हिट्झ यांच्या हाताखाली काम करणार नाही, असे नेमणूक जाहीर होण्यापूर्वीच सांगितले आणि आयझनर यांनी ते चालवून घेतले. तिजोरी आणि कायदा हे दोन्ही ज्याच्या कक्षेबाहेर आहेत, त्या अध्यक्षाने नेमके काय चालवायचे?

निरोपाच्या वेळी त्यांना करारानुसार सुमारे १३ कोटी डॉलर मिळाले, तेव्हा भागधारकांनी संचालकांवर दावा लावला. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या न्यायालयाने २००५ मध्ये निकाल संचालकांच्या बाजूने दिला आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो कायम केला. आदर्श कारभाराच्या तुलनेत मंडळाचे वागणे बरेच उणे होते, असे पहिल्या न्यायालयाने स्पष्टपणे नोंदवले. तरीही उणेपणा आणि कर्तव्यभंग यांत कायदा फरक करतो. ओव्हिट्झ यांना दोषी ठरवून विनामोबदला काढण्याजोगे काही त्यांच्याकडून घडले नव्हते, असेही न्यायालयाचे मत पडले. त्यामुळे सारा दोष त्यांच्या स्वभावावर टाकणे मला अन्यायकारक वाटते.

वाचक_बडोदे

एजंटचे कौशल्य अपुरे पडते, हे विधान मला अजिबात मान्य नाही. लू वासरमन आधी एमसीएचे एजंटच होते. जेम्स स्टुअर्ट यांना ठरावीक मानधनाऐवजी नफ्यात वाटा मिळवून देणारा १९५० चा प्रसिद्ध करार त्यांचाच. १९६२ मध्ये सरकारच्या मक्तेदारीविरोधी कारवाईमुळे एमसीएला एजन्सी बंद करावी लागली. वासरमन युनिव्हर्सल स्टुडिओच्या कारभाराकडे वळले आणि दशकानुदशके तिथे राहिले.

रामबागकरांच्या मताला तर सीएएच्याच घरातून उत्तर मिळते. ओव्हिट्झ यांचे सहसंस्थापक रॉन मायर यांनीही १९९५ मध्येच आपले कलावंत मागे सोडले. एमसीएच्या प्रमुखपदाची बोलणी आधी ओव्हिट्झ यांच्याशी चालली होती; ती फिसकटली आणि ते पद मायर यांना मिळाले. त्यानंतर युनिव्हर्सलचे मालक पुन्हापुन्हा बदलले, तरी मायर तिथे पाव शतक टिकले. दोघांची शाळा एक आणि वर्षही एकच. मायर ज्या खुर्चीवर बसले तिचे अधिकार स्पष्ट होते. ओव्हिट्झ यांच्या डोक्यावर मात्र असा मित्र होता, ज्याला सत्ता वाटून घेण्याची इच्छाच नव्हती.

स्नेहलतागंज_विद्यार्थी (इंदूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता ओव्हिट्झ आणि मायर यांची तुलना हाच प्रकल्पाचा गाभा ठेवावा असे वाटते. वकीलसाहेब, न्यायालयाचा निकाल कायद्याचा विद्यार्थी नसलेल्याला झेपेल का?

वकील_इंदूर

नक्कीच झेपेल. २००५ चा निकाल बराच लांब आहे, पण त्याचा पहिला भाग घटनाक्रमाचा असून साध्या भाषेत लिहिलेला आहे. नेमणुकीची बोलणी, मानधन समितीच्या बैठका आणि आयझनर यांचा पत्रव्यवहार हे सारे तिथे साक्षींच्या आधारे आले आहे. वर्तमानपत्रांतल्या आख्यायिकांपेक्षा त्यावरच भिस्त ठेवा आणि मायर यांच्याविषयीचे प्रकरण त्यानंतर लिहायला घ्या.