बारावीनंतर थेट अमेरिका : कर्ज काढून पाठवू नका, मदत मागून पाठवा

सातारकर (धागाकर्ता)

पदवीसाठीच मुलाला अमेरिकेला पाठवावं का, हा प्रश्न आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. आमच्या साताऱ्यातले पालकही विचारतात, आणि बहुतेकांच्या डोक्यात हिशोब एकच असतो: फ्लॅट नाहीतर जमीन तारण ठेवायची, कर्ज उचलायचं, पोरगं तिकडे नोकरीला लागलं की फेडेल. माझं मत याच्या अगदी उलट आहे. पदवीसाठी कर्ज काढून पाठवूच नये. ज्या कॉलेजांकडे परदेशी विद्यार्थ्याला द्यायला पैसा आहे, त्यांच्याकडे तो उघडपणे मागावा. मिळाला तर जावं, नाही मिळाला तर इथेच शिकावं.

चांगल्या खासगी कॉलेजात फी, राहणं, खाणं मिळून वर्षाला ९० हजार डॉलरच्या आसपास जातात. डॉलर ८५ रुपये धरला तरी चार वर्षांचे तीन कोटी. हा आकडा बघून लोक तिथेच नाद सोडतात. पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडिन, ब्राउन ही कॉलेजं परदेशी मुलाचा अर्ज वाचताना घरची ऐपत बघत नाहीत, आणि प्रवेश दिला की जेवढी गरज तेवढी मदत देतात. विल्यम्स, स्मिथ, व्हॅसर, मॅकॅलेस्टर ही ऐपत बघतात, पण एकदा घेतलं की गरज पूर्ण भागवतात. केंटकीतलं बेरिया कॉलेज तर कुणाकडूनच ट्यूशन फी घेत नाही; प्रत्येक मुलाने आठवड्याला ठरावीक तास कॉलेजात काम करायचं. याउलट कॅलिफोर्निया विद्यापीठासारखी नावाजलेली सरकारी विद्यापीठं परदेशी मुलाला गरजेवर आधारित मदत देत नाहीत. म्हणजे आपल्याकडे जी ‘स्वस्त’ समजली जातात, ती मध्यमवर्गीय घराला बऱ्याचदा महाग पडतात.

‘एमएसला (पदव्युत्तर पदवीला) जाईल की नंतर’ म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. गरज बघून मिळणारी अशी भरघोस मदत पदवीलाच असते. एमएसचा खर्च बहुतेकांना स्वतःच्या खिशातून किंवा कर्जातूनच करावा लागतो.

विद्याधर_ठाणे

सातारकर, माहिती बरोबर आहे, सल्ला मात्र पटला नाही. तुम्ही नावं घेतलीत त्या पहिल्या आठ कॉलेजांपैकी बऱ्याच ठिकाणी शंभर अर्जांतले तीन-चार किंवा पाच-सहा घेतात, आणि त्यात परदेशी मुलांचा वाटा आणखी लहान. अकरावी-बारावीची ऐन दोन वर्षं या अर्जात घालवायची आणि मार्चमध्ये ‘नाही’ ऐकायचं? अर्जाच्या तारखा १ नोव्हेंबर आणि जानेवारीचा पहिला आठवडा. नेमकी तेव्हाच जेईईची, बोर्डाची तयारी. एका मुलाकडून दोन्ही होत नाही. मी घरात बघितलंय, भाच्याचं इकडचंही राहिलं आणि तिकडचंही.

शिवाय फुकट अमेरिका हवी असेल तर खात्रीचा रस्ता दुसराच आहे. पुण्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थेत किंवा चांगल्या विज्ञान महाविद्यालयात मूलभूत विज्ञान शिका आणि पीएचडीला जा. तिथे विज्ञान शाखांत ट्यूशन माफ असते आणि वर दरमहा विद्यावेतन मिळतं. तेव्हा मुलगा बावीस-तेविसाचा असतो, आपल्याला काय हवंय ते त्याला कळलेलं असतं. सतराव्या वर्षी ते कुणाला कळतं?

मीरा_परभणी

विद्याधर काका, सतराव्या वर्षी कळत नाही, म्हणूनच मी गेले. सध्या मिडवेस्टमधल्या एका लहान कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. इथे दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत मुख्य विषय ठरवावा लागत नाही. मी जीवशास्त्र म्हणून आले, आता संख्याशास्त्र आणि भूगोल करतेय. परभणीत राहून बारावीनंतर हे वळण घेता आलं असतं का, तुम्हीच सांगा.

पैशांचं काम कसं चालतं ते सांगते, कारण त्याची भीती सगळ्यांत जास्त असते. मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा फॉर्म असतो. काही कॉलेजं त्याऐवजी परदेशी मुलांसाठीचा साधा फॉर्म घेतात, त्याला फी नसते. आमचं किराणा दुकान आणि थोडी कोरडवाहू जमीन. बाबांचा पगारदारांना मिळतो तसा फॉर्म १६ असण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही आयकर विवरणपत्र, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर आणि दुकानाच्या बँक खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट लावलं. सोबत बाबांच्या नावाने एक पानभर पत्र, की पावसावर उत्पन्न कसं हलतं आणि उधारी किती अडकलेली असते. कॉलेजाने त्यावर दोन प्रश्न विचारले: जमीन विकता येते का, आणि घरात आणखी कोण शिकतंय. आम्ही खरं ते लिहिलं. बहुतेक कॉलेजांची अर्जाची फीसुद्धा ईमेल केल्यावर माफ झाली.

आणखी एक. बऱ्याच कॉलेजांना एकच चालणाऱ्या ऑनलाइन अर्जात, म्हणजे कॉमन अ‍ॅपमध्ये अभ्यासाबाहेरच्या दहा गोष्टी लिहायला जागा असते, प्रत्येकीला १५० अक्षरं. माझ्याकडे ना ऑलिंपियाड होतं ना एनजीओ. पण त्या यादीत ‘घरची जबाबदारी’ असा स्वतंत्र प्रकार आहे. मी दुकानाची उधारीची वही सांभाळायचे, तेच लिहिलं.

अर्चना_नाशिक

मीराचं कौतुक वाटतं, पण तिच्या एकटीवरून सगळ्यांना सांगू नका. मी दोन मुलांची आई म्हणून बोलते. २०२५च्या मे महिन्याच्या अखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणंच थांबलं. जूनमध्ये पुन्हा सुरू झालं ते सोशल मीडियाची खाती सार्वजनिक ठेवण्याच्या अटीसह. सप्टेंबरमध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली; अमेरिकेतच शिकून तिथूनच विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांना ती लागू नाही, हा खुलासा महिन्याभराने आला. त्या महिन्याभरात ज्यांची मुलं तिकडे होती त्या घरांत काय चाललं होतं, ते मी शेजारी बघितलंय. कॉलेजाचं आय-२० हे प्रवेशपत्र हातात, सेव्हिस या सरकारी विद्यार्थी-नोंदणीचे ३५० डॉलर भरलेले, तिकीट काढलेलं, आणि मुंबईच्या वकिलातीच्या खिडकीवर दोन मिनिटांत कलम २१४(ब)खाली, म्हणजे परत येईल याची खात्री नाही म्हणून, नकार. अठरा वर्षांच्या मुलाने हे कसं पेलायचं?

इथे पदवी होऊ द्या. मग तो मोठा होऊन, स्वतःच्या जबाबदारीवर जाईल.

नितीन_फ्रेमाँट

मी सातारकर आणि विद्याधर, दोघांच्याही विरुद्ध बोलणार आहे. सातारकरांचं ‘कर्ज नकोच’ हे टोकाचं आहे. प्रत्येकाला अ‍ॅमहर्स्ट मिळणार नाही आणि प्रत्येकाला आयसरही. मधल्या मुलाचं काय? ८८ टक्केवाल्या, हुशार, पण स्पर्धा परीक्षांत मागे पडणाऱ्या मुलाचं?

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेजात, दोन वर्षं करून मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं. ठरलेले विषय आणि गुण असतील तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहा कॅम्पसपैकी एकावर हमखास प्रवेशाची सोय आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यात नाहीत, पण तिकडेही इथून मुलं जातात. पहिल्या दोन वर्षांची फी विद्यापीठापेक्षा कितीतरी कमी. पुढे विज्ञान-तंत्रज्ञानातली पदवी असेल तर एक अधिक दोन अशी तीन वर्षं ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, काम करता येतं. कर्ज फेडणारे लोक माझ्या ऑफिसात आहेत. कर्ज हा गुन्हा नाही.

सातारकर

नितीन, गुन्हा नाही, पण बोजा कुणाच्या डोक्यावर राहतो ते बघा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, तेही कॅम्पसवरच काम. पहिल्या वर्षी बाहेर काम करणं बेकायदा आहे. एवढ्यात खर्चाला हातभार लागतो, फी निघत नाही. कम्युनिटी कॉलेजची फी कमी आहे, पण सॅन फ्रान्सिस्को बे एरियातलं भाडं कोण कमी करणार? आणि ओपीटीनंतर एच-१बीच्या ८५ हजार जागा, त्याही सोडतीने. तुमच्या ऑफिसात जे आहेत ते सोडतीत निघालेले आहेत. जे निघाले नाहीत ते परत आले, आणि त्यांचे हप्ते रुपयांत कमावून चालू आहेत. त्यातला एक माझ्या सख्ख्या मित्राचा मुलगा आहे. म्हणून मी इतका आग्रहाने लिहितोय.

अर्चनाताईंची काळजी खरी आहे. पण नीट बघितलंत तर ती कर्जाविरुद्धचाच मुद्दा आहे. मदतीवर गेलेल्या मुलाला उद्या परत यावं लागलं तर तो पदवी घेऊन येतो, डोक्यावर दीड कोटी घेऊन येत नाही.

गुरुजी_लातूर

चर्चा पैशांभोवतीच फिरतेय. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, आणि आमच्या मुलांचे अर्ज पैशांच्या आधीच कुठे अडतात ते मला रोज दिसतं.

या अर्जात दोन शिक्षकांची पत्रं लागतात, एक समुपदेशकाचं लागतं आणि नववीपासूनचे गुण लागतात. नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी दुसऱ्या कॉलेजात. शाळेतला लिपिक म्हणतो, ‘तू आता आमचा विद्यार्थी नाहीस.’ कॉलेजातला म्हणतो, ‘बोनाफाइड देतो, बाकी काय ते साहेबांना विचार.’ समुपदेशक आमच्याकडे नसतोच. ते पत्र प्राचार्यांनी किंवा पर्यवेक्षकांनी द्यावं लागतं, आणि चालतं. खरी अडचण शिक्षकांच्या पत्राची. क्लासशी टाय-अप असलेल्या कॉलेजांतली मुलं दोन वर्षं क्लासमध्ये बसतात, कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला उगवतात. त्यांच्याबद्दल शिक्षकाने लिहायचं काय? मग तो लिहितो: मेहनती, प्रामाणिक, आज्ञाधारक. असं पत्र वाचणाऱ्याला त्या मुलाबद्दल काहीही कळत नाही.

मला एकदा सांगण्यासारखं मिळालं होतं. मीटर ब्रिजच्या प्रयोगात सगळ्या बॅचने जर्नलमध्ये पुस्तकी उत्तर उतरवलं. एका मुलीने आपलं चुकलेलं वाचन तसंच ठेवलं आणि खाली कारण लिहिलं, की तार एका टोकाला घासून बारीक झाली आहे. तिने स्क्रू गेजने दोन्ही टोकांची जाडी मोजून आकडेही दिले होते. मी पत्रात फक्त तेवढंच सविस्तर लिहिलं. गुण तर गुणपत्रिकेत दिसतातच.

तेव्हा विद्याधर, तुमच्याशी मी अर्धाच सहमत. मुलाचे दोन्हीकडचे प्रयत्न फसतात ते वेळेअभावी कमी आणि क्लासच्या बारा तासांमुळे जास्त.

विद्याधर_ठाणे

गुरुजी, ही तक्रार आपल्या व्यवस्थेबद्दलची झाली, ती मान्य आहे. पण त्यातून माझाच मुद्दा पुढे येतो. ज्या मुलाला शिक्षक ओळखत नाही, ज्याच्या कॉलेजात समुपदेशक नाही, तो शेवटी सल्लागाराकडे जातो. आमच्याकडे एकाने ‘संपूर्ण पॅकेज’चे चार लाख सांगितले आणि वर ६५० शब्दांचा निबंध ‘आमची टीम बघून घेईल’ म्हणाला. अशा शर्यतीत लातूर-परभणीच्या मुलाला उतरवणं मला न्याय्य वाटत नाही.

मीरा_परभणी

काका, चार लाख कुणालाच द्यायची गरज नाही. मुंबईत यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेचं एज्युकेशनयूएसए सल्ला केंद्र आहे, अमेरिकन सरकारच्या जाळ्यातलं. प्राथमिक सल्ला फुकट मिळतो आणि ते कुठल्याही एका कॉलेजची भलामण करत नाहीत. काही खासगी सल्लागारांना विद्यापीठांकडून कमिशन असतं, म्हणून मदत देणाऱ्या कॉलेजांची नावं त्यांच्या यादीत येतच नाहीत.

निबंध टीमने लिहिला तर तो कळतो. माझ्या पहिल्या मसुद्यात अब्दुल कलाम होते, स्वप्नं होती, देशसेवा होती. आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी सगळं वाचून एकच विचारलं, ‘यात दुकान कुठे आहे?’ मग मी एका उधारीबद्दल लिहिलं. एक आजोबा दर पोळ्याला जुनं देणं फेडायचे आणि त्याच दिवशी नवं लिहून जायचे. त्यांचं खातं बंद करावं की नाही, यावरून बाबांचं आणि माझं भांडण झालं होतं. ते भांडण मी लिहिलं. परभणीच्या मुलीकडे हे आहे आणि चार लाखांच्या टीमकडे नाही, म्हणून ही शर्यत आपल्यासाठी नाही असं मला वाटत नाही.

अर्चना_नाशिक

मीरा, तुझ्या आईला विचार, पहिल्या वर्षी तिला झोप लागली का. माझं मत बदललेलं नाही. पण धाकटी आता अकरावीत आहे आणि हा धागा तीही वाचतेय, म्हणून विचारते: मदतीचा अर्ज प्रवेशानंतर करता येतो का? म्हणजे आधी प्रवेश तर मिळू दे, पैशांचं मग बघू?

सातारकर

ताई, नाही. हे सगळ्यांनीच लक्षात ठेवावं. ऐपत बघणाऱ्या बहुतेक कॉलेजांत परदेशी मुलाने प्रवेशाच्या अर्जाबरोबरच मदत मागावी लागते. तेव्हा ‘मदत नको’ लिहिलं तर पुढे मागता येत नाही. अर्ली डिसिजनचा, म्हणजे लवकर निकाल लागणारा, अर्ज एकाच कॉलेजला करता येतो आणि प्रवेश मिळाला की जावंच लागतं, फक्त मिळालेली मदत पुरेशी नसेल तर नाही म्हणता येतं. म्हणून फॉर्म भरण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वर्षाला खरोखर किती देऊ शकतो तो आकडा कागदावर लिहा. दोन लाख असेल तर दोन लाख लिहा.

विद्याधर_ठाणे

आणि त्याच कागदावर सीईटीच्या फॉर्मची तारीखही लिहा. तिकडचा अर्ज करणाऱ्या मुलानेही इकडची परीक्षा द्यायचीच, एवढं तरी धाग्यावर ठरवा. बाकी माझा विरोध कायम.

सातारकर

सीईटीचं मान्य. ती द्यायचीच.