मदत हवी आहे: घरसामान हलवायला ट्रकचं बजेट किती धरू? (अर्जंट)

वडगाव_वेस
पुढच्या महिन्यात घर हलवायचं आहे. पॅकर्सवाला ४१ हजार म्हणतोय, ऑटोनगरातला ट्रकवाला १८ हजार. एवढा फरक कसा काय? सामान नेहमीचंच, टू बीएचकेचं. नक्की किती धरून चालू? ट्रकवाला उद्यापर्यंत अ‍ॅडव्हान्स मागतोय. 'गूगल करा' म्हणणाऱ्यांनी कृपया लांब राहा.

चन्नम्मा_सर्कल
कुठून कुठं?

वडगाव_वेस
बेळगावहून की. नाव वाचा.

चन्नम्मा_सर्कल
कुठून ते कळालं ओ, जायचंय कुठं? हुबळीला असेल तर १८ हजार म्हणजे लूट, दिल्लीला असेल तर फुकट.

वडगाव_वेस
नाशिक, सिडको.

स्टेपनी
आता हिशोब होतो. पुणे, संगमनेर मार्गे साधारण ५५० किमी. १४ फुटी आयशर लोड घेऊन लिटरला ८ देते असं धरा, म्हणजे ६९ लिटर. डिझेल ९० नं धरलं तर सहा हजार दोनशेच्या आसपास, एका बाजूचे. पुण्याच्या अलीकडेच सहा टोल: हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर. पुढं नाशिक रस्त्यावर आणखी. वर ड्रायव्हरचा भत्ता. गाडी रिकामी परत येणार असेल तर डिझेल आणि टोल दोन्ही डबल. १८ हजारवाल्याला नाशिकहून परतीचं भाडं मिळणार असेल तर त्याचा रेट खरा आहे. नसेल तर तिथं पोचल्यावर तोंड उघडेल.

निपाणी_नाका
टाकी निपाणीलाच फुल करायला सांगा. कर्नाटकात डिझेल स्वस्त.

स्टेपनी
ते जुनं झालं. जून २०२४ मध्ये कर्नाटकानं डिझेलवरचा कर वाढवला, एप्रिल २०२५ मध्ये परत वाढवला. आता त्यासाठी कोण थांबत नाही.

निपाणी_नाका
मी थांबतो.

यार्डातला_माणूस
ताई असाल किंवा दादा, एक ऐका. ऑटोनगरात विचारूच नका. मार्केट यार्डात या. नाशिक-नगरकडचा कांदा आपल्याकडं उतरतो, त्या गाड्या परत जायला भाडंच शोधत असतात. बाजाराच्या दिवशी सकाळी कांदा उतरला की ड्रायव्हरशी थेट बोला. एमएच पासिंग, त्याला घरी जायचंच आहे. दलाल मध्ये नाही.

वडगाव_वेस
ताई. आणि कांद्याच्या गाडीत माझ्या गाद्या?

यार्डातला_माणूस
झाडून घ्यायची, खाली ताडपत्री टाकायची. वास पुण्यापर्यंत निघून जातो.

सोफासेट_२२
अजिबात नको. आमच्या पाहुण्यांनी असंच केलं. उघड्या बॉडीत सामान, दोरी ढिली, खंबाटकी उतरताना कपाटाची काच गेली. पैसे जास्त गेले तरी बंद कंटेनर घ्या. पॅकर्सवाले बबल रॅप करतात, पत्त्यावर लावून देतात.

यार्डातला_माणूस
दोरी ढिली होती तर त्यात कांद्याचा काय दोष?

कलम_आणि_पोटकलम
ताई, ४१ हजारांत काय काय आहे ते लेखी घ्या. जीएसटी धरून की वर? ते 'इन्शुरन्स' म्हणून तीन टक्के लावतात, त्याची पॉलिसी विमा कंपनीच्या नावाची आहे का? बऱ्याचदा ती त्यांचीच एक ओळ असते, विमा नसतोच. ट्रकवाल्याकडूनही बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची पावती, घ्या. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखाली नुकसान झालं तर वाहतूकदाराची जबाबदारी सहसा भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, जास्त किंमत आधी लिहून दिली नसेल तर. बिल्टीच नसेल तर कुणाशी भांडणार?

वडगाव_वेस
बरं. पण मग आकडा किती? तेवढंच विचारलं होतं.

स्टेपनी
मजला कितवा? दोन्हीकडचा. लिफ्ट आहे का? गल्लीत १४ फुटी शिरते का? वडगावातल्या निम्म्या गल्ल्यांत टेम्पो अडकतो. मुख्य रस्त्यापर्यंत छोटा हत्ती लावावा लागला तर त्याचे वेगळे.

वडगाव_वेस
इथं तळमजला. तिथं तिसरा, लिफ्ट आहे. गल्ली अरुंद आहे, हो. सामान म्हणजे दोन कपाटं, पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन, देव्हारा, बाबांचा माग, भांडी, पुस्तकं.

चन्नम्मा_सर्कल
माग?? यंत्रमाग?

वडगाव_वेस
हो. येवल्याला मामांच्या शेडमध्ये उतरवायचाय. वाटेतच पडतं.

स्टेपनी
अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं! ओतीव लोखंड आहे ते. चार हमालांना उचलणार नाही, सुटे भाग करून चेन-पुली लागणार. आणि येवला वाटेत नाही, सिन्नरहून पूर्वेला आत जायचं आणि परत यायचं. ट्रकवाल्याला माहिती आहे का?

वडगाव_वेस
'थोडं मशीन आहे' म्हटलंय.

कलम_आणि_पोटकलम
इथं एक मेख आहे. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (माल नेताना लागणारं जीएसटीचं कागद) लागत नाही, नियमातच सूट आहे. माग घरगुती सामानात बसत नाही. किंमत ५० हजारांच्या आत असेल तर तरीही लागणार नाही, पण कागद पाहिजे. जुनी पावती असेल तर ती, नाहीतर वर्णन आणि आजची किंमत लिहून सहीचं पत्र. तपासणीत गाडी थांबली तर दिवसाचं हॉल्टिंग, म्हणजे गाडी खोळंबल्याचे पैसे, तुमच्याच माथी.

अनगोळकर
सिलिंडर ट्रकात टाकू नका. एजन्सीत सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून व्हाउचर घ्या, डिपॉझिट परत मिळतं. केए-२२ ची स्कूटर असेल तर आरटीओची एनओसी. बारा महिन्यांवर तिकडं ठेवली तर नवीन नंबर घ्यावा लागतो.

वडगाव_वेस
स्कूटर नाही.

अनगोळकर
असली तर म्हणून सांगितलं.

हिंडलगा_रोड
पुढचा महिना म्हणजे डिसेंबर. बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, त्या दिवसांत निघू नका. सीमेवर कोगनोळीला बंदोबस्त असतो. २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली होती. म्हणून एमएच गाडी घेऊच नका, केए पासिंग घ्या.

यार्डातला_माणूस
हिरेबागेवाडी धारवाडच्या बाजूला. ताईंना जायचंय कोल्हापूरकडं. आणि केए गाडी घेतली तर नॅशनल परमिट आहे का बघावं लागतं, एमएच गाडी त्यावरच इथं आलेली असते.

हिंडलगा_रोड
आम्ही इथं जन्म काढला, आम्हाला दिशा शिकवू नका. पासष्ट-सत्तर वर्षं हेच चाललंय.

चन्नम्मा_सर्कल
सीमाप्रश्नाचे धागे दुसरीकडं आहेत, तिकडं चला. ताई, माझ्या मते सगळं मिळून ३० धरा.

स्टेपनी
३० मध्ये माग बसत नाही. घरसामानाचं भाडं २२ ते २४, रिटर्न गाडी मिळाली तर कमी. दोन्हीकडची हमाली वेगळी ठरवा, तिकडं ती वराई म्हणून मागतील, आधी बोला. मागाचं खोलणं, चढवणं, येवल्याचा फेरा ह्याचा वेगळा भाव घ्या, तो मी न बघता सांगणार नाही. वडगावातच माग बसवणारे फिटर आहेत, खोलायला तोच बोलवा, हमालाला हात लावू देऊ नका. हाताशी पाच हजार सुटे ठेवा. अ‍ॅडव्हान्स चौथाईच्या वर देऊ नका, बाकी सामान उतरल्यावर.

वडगाव_वेस
ट्रकवाल्याला आत्ता फोन केला. माग म्हटल्यावर २९ म्हणतोय, येवल्याचं वेगळं. शनिवारी यार्डात येते. कुठल्या गेटला?

यार्डातला_माणूस
कांद्याच्या बाजूला या, कुणीही दाखवेल. सकाळी लवकर, नंतर चांगल्या गाड्या भरून जातात.

सोफासेट_२२
तरी कंटेनरचं बघा.

अनगोळकर
दोन कपाटांतलं एक विकणार असाल तर सांगा. लोखंडी आहे का गोदरेजचं?