‘महापौर’ लिहावं की नाही?

चौकस: इंग्लंडमधले राजकारणी अँडी बर्नम यांच्यावरचा एक लेख मराठीत आणतोय. ‘ग्रेटर मँचेस्टरचे महापौर’ असं लिहिलं आणि अडलो. आपल्या वाचकाला महापौर म्हटलं की गळ्यात हार, हातात कात्री, समोर फीत एवढंच दिसतं. या गृहस्थांकडे तर बस, पोलीस, घरबांधणी असलं सगळं आहे. दुसरा शब्द सुचवा.

शब्दवेल्हाळ: शब्दात काही खोट नाही हो. पुरात, म्हणजे नगरात, राहणारा तो पौर, त्यांच्यातला थोर तो महापौर. सावरकरांनी रुळवलेला शब्द. लॅटिनमध्येही मेयरचं मूळ ‘अधिक मोठा’ असंच आहे. गोची आपल्या पदात आहे. नगरसेवक निवडणार, मुदत अडीच वर्षं आणि सहीचा अधिकार आयुक्तांकडे. थेट निवडणूक हीच कसोटी धरली तर तुमचा माणूस आपल्या नगराध्यक्षाच्या जास्त जवळ जातो.

स्टॉकपोर्टकर: नगराध्यक्ष नको, तो एका गावाचा. इथे ग्रेटर मँचेस्टरमध्ये मँचेस्टर, सॅलफर्ड, बोल्टन, विगन धरून दहा कौन्सिलं, म्हणजे पालिका, आहेत. शिवाय मँचेस्टर शहराला आपल्यासारखा शोभेचा महापौर आहेच. लॉर्ड मेयर म्हणतात, वर्षभर गळ्यात साखळी घालून मिरवतो. सॅलफर्डचा निवडून आलेला मेयर आणखी वेगळा. तिघांनाही ‘महापौर’ म्हणालात तर वाचक गोंधळणारच.

बसचं सांगते. पूर्वी एका कंपनीचा पास दुसरीच्या बसमध्ये चालायचा नाही. समोर बस उभी असूनही आपलीची वाट बघत बसायचं. सप्टेंबर 2023 पासून मार्ग, वेळा, भाडं हे सगळं टप्प्याटप्प्याने ग्रेटर मँचेस्टरच्या मेयरच्या यंत्रणेकडे आलं आणि 5 जानेवारी 2025 ला काम पुरं झालं. कंपन्या आता कंत्राटावर नुसत्या गाड्या चालवतात. बस पिवळ्या, त्यावर मधमाशी. कामकरी माशी हे मँचेस्टरचं जुनं चिन्ह.

बोरूबहाद्दर: म्हणजे मुंबई महानगर प्रदेशाचा विकास बघणाऱ्या एमएमआरडीएचा अध्यक्ष मुंबई, ठाणे, कल्याणच्या मतदारांनी थेट निवडला तर जे होईल ते! आपल्याकडे त्या खुर्चीवर नगरविकास मंत्री बसतात.

मला मात्र शब्दापेक्षा पायरी खटकते. मनोहर जोशी आधी मुंबईचे महापौर, मग मुख्यमंत्री. फडणवीस आधी नागपूरचे महापौर. बर्नम उलटे आले. 2001 मध्ये ली मतदारसंघाचे खासदार, 2009 मध्ये आरोग्यमंत्री, 2010 आणि 2015 मध्ये मजूर पक्षाच्या नेतेपदासाठी लढून हरले आणि 2017 मध्ये मेयर. मराठी कानाला ही घसरगुंडी वाटते. पण 2020 च्या ऑक्टोबरमध्ये टाळेबंदीच्या मदतीवरून ते थेट लंडनच्या सरकारशी भांडले, तेव्हा लोकांनी ‘उत्तरेचा राजा’ म्हणून डोक्यावर घेतलं. आरोग्यमंत्री असताना कुठे एवढं नाव झालं होतं?

शब्दवेल्हाळ: मग ‘महानगरप्रमुख’?

बोरूबहाद्दर: शाखाप्रमुखाचा साहेब वाटतो.

चौकस: ठरलं. पहिल्यांदा ‘दहा कौन्सिलांच्या मिळून बनलेल्या प्रदेशाचे, थेट निवडून आलेले मेयर’, पुढे नुसतं मेयर. महापौर लॉर्ड मेयरसाठी राखून ठेवतो, त्याला तो चपखल बसतो.

शब्दवेल्हाळ: मेयर की मेअर?

चौकस: त्यासाठी वेगळा धागा काढा.