तंबाखूच्या रीलवर नुसतं हसायचं का?

बार्शीकर: गावच्या ग्रुपवर रोज एक रील ठरलेलं. तळहातावर तंबाखू, नखानं चुना, अंगठ्यानं मळायचं, दोन टाळ्या, चिमूट ओठाखाली, मागं हलगी. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. पण सिगारेट ओढणाऱ्या मुलीचा फोटो आला की हेच लोक संस्कृतिरक्षक! आमची आत्या तव्यावर मिश्री भाजते, तिला तर कुणी व्यसन म्हणतच नाही. असं का?

दातवाला_डॉक्टर: कारण धूर दिसत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू घेणारे होते, ओढणारे जेमतेम ३.८. घरोघरी आहे, म्हणून चालतं. मिश्रीही भाजलेली तंबाखूच. बाया म्हणतात, "दात घासतेय." दिवसातून चारदा दात कोण घासतं हो?

नाक्यावरचा: २०२२ मध्ये अक्षय कुमारला विमल या पानमसाला ब्रँडच्या वेलचीच्या जाहिरातीवरून नेटवर इतकं झोडपलं की त्यानं माफी मागून माघार घेतली. झोडपणाऱ्यांतले दोघं आमच्याच टपरीवर पुडी फाडत होते. गुटखाबंदी २०१२ ची, बरं का!

बार्शीकर: हाहा, खरंय. पण रील टाकणारा माझा चुलतभाऊच आहे. सगळ्यांदेखत बोललो तर चिडेल.

दातवाला_डॉक्टर: मग ग्रुपवर नको, एकट्याला गाठा. तोंड पुरतं उघडतं का, म्हणजे तीन बोटं उभी आत जातात का, बघायला सांगा. जात नसतील तर लगेच तपासणीला पाठवा. सोडायचं असेल तर तंबाखू सोडवणारी हेल्पलाइन १८००-११-२३५६, फुकट आहे.